लाकडाला घातलेला टाका

गेल्या अंकात लाकडातल्या चिरांबद्दल लिहिताना मी जॉर्ज नाकाशिमा या अमेरिकन फर्निचरकाराचं नाव घेतलं होतं. त्यांच्या टेबलातली चीर लपवलेली नसते, तिच्यावर डमरूच्या आकाराचे लाकडी टाके घातलेले असतात, एवढंच काय ते लिहिलं होतं. त्या दोन ओळींवर महिनाभर पत्रं येत राहिली. या वेळचं सदर त्या पत्रांनाच देते आहे.

प्रश्न : ताई, मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. सुट्टीत एका सुतारकाकांकडे दोन महिने काम केलं आणि आता ड्रॉइंगसमोर बसवत नाही. घरी म्हणतात, सुतारच व्हायचं होतं तर चार वर्षांची फी कशाला भरायला लावलीस? तुम्ही लिहिलंत ते नाकाशिमाही आर्किटेक्ट होते असं कळलं. त्यांनी ते कसं सोडलं? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : सोडलं असं म्हणण्यापेक्षा त्यांचं ते सुटत गेलं. आणि मधे जे घडलं ते कुणाच्याही वाट्याला येऊ नये असं आहे, म्हणून सगळं नीट सांगते.

नाकाशिमांचा जन्म २४ मे १९०५ चा, अमेरिकेच्या वायव्येकडच्या स्पोकेन गावातला. आईवडील जपानहून आलेले. लहानपणी स्काउटच्या मुलांबरोबर डोंगर आणि जंगलं तुडवली, म्हणून वॉशिंग्टन विद्यापीठात आधी वनशास्त्र घेतलं. मग आर्किटेक्चरकडे वळले, १९२९ मध्ये पदवी घेतली, पुढची पदवी एमआयटी या अमेरिकेतल्या नावाजलेल्या तंत्रज्ञान संस्थेची. म्हणजे कागदावर तुझ्या दोन पायऱ्या पुढेच होते. त्यानंतर मोटार विकून जगाच्या फेरीचं बोटीचं तिकीट काढलं, पॅरिसमध्ये दिवस काढले आणि फिरत फिरत टोकियोला पोचले. तिथे अँटोनिन रेमंड यांच्या ऑफिसात काम मिळालं. रेमंड मूळचे चेक. नामवंत अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट यांच्याबरोबर टोकियोच्या इंपीरियल हॉटेलच्या कामाला म्हणून जपानला आले आणि तिथेच आपलं ऑफिस थाटलं.

या ऑफिसकडे पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमाचं काम आलं. साधकांसाठी वसतिगृह बांधायचं होतं. त्या साइटवर नाकाशिमांना पाठवलं गेलं. तिथे राहता राहता ते स्वतःच साधक झाले, पगार घेईनासे झाले. श्रीअरविंदांनी त्यांना सुंदरानंद असं नाव दिलं. खोल्यांमधलं सागवानी फर्निचरही त्यांनीच आखलं. आपल्या देशात, आपल्या सागात या माणसाचा हात पहिल्यांदा बसला, हे मला फार आवडतं.

१९४० मध्ये अमेरिकेत परतल्यावर त्यांनी कॅलिफोर्नियात नव्या, गाजलेल्या इमारतींची बांधकामं पाहिली. आत जे दिसलं त्यानं त्यांचं मन विटलं. कागदावरची इमारत एक, प्रत्यक्ष उभी राहणारी दुसरी, आणि मधल्या माणसांवर आखणाऱ्याचा काही ताबा नाही. फर्निचर मात्र पहिल्या रेघेपासून शेवटच्या हातापर्यंत एका माणसाच्या ताब्यात राहू शकतं, म्हणून त्यांनी ते धरलं. सिॲटलमध्ये मिशनच्या एका मुलांच्या क्लबात त्यांना कामाला जागा मिळाली. बदल्यात मुलांना सुतारकाम शिकवायचं. १९४१ मध्ये मॅरियन ओकाजिमांशी लग्न झालं.

आणि त्याच डिसेंबरात जपाननं पर्ल हार्बर या अमेरिकेच्या आरमारी तळावर हल्ला केला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानं पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरं, दुकानं, शेती सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावं लागलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेतच जन्मलेले, अमेरिकेचेच नागरिक होते. त्यांचा गुन्हा काय, तर आडनाव. नाकाशिमा, मॅरियन आणि त्यांची तान्ही मुलगी मीरा, यांना आयडाहोच्या ओसाड माळावरच्या मिनिडोका छावणीत पाठवलं. मीरा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

आता तुझ्या प्रश्नाशी ज्याचा सर्वांत जवळचा संबंध आहे ते. त्या छावणीत गेंतारो हिकोगावा नावाचे एक सुतार होते, जपानी परंपरेत घडलेले. मोडक्यातोडक्या फळ्या, बांधकामाचे उरलेले तुकडे, माळावरची झुडपी लाकडं गोळा करून दोघं छावणीतल्या उघड्याबोडक्या खोल्या राहण्याजोग्या करायला लागले. एमआयटीचा पदवीधर आर्किटेक्ट त्या सुताराचा हाताखालचा गडी झाला. वय ३७. जपानी करवत ओढताना कापते, आपली ढकलताना. त्यामुळे तिचं पातं पातळ ठेवता येतं आणि काप केसासारखा निघतो, पण हाताला घाई असली तर ती लगेच चुगली करते. सांधा कसा पाहायचा, हत्यार कसं परजायचं, एकाच कामाशी किती वेळ थांबायचं, हे नाकाशिमा त्या माणसाकडून शिकले, आणि पुढे आयुष्यभर तसं सांगत राहिले.

माझं स्वतःचं सांगते. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मिरजेच्या एका मिस्त्रींकडे शिकायला गेले तेव्हा त्यांनी मला पहिले चार महिने फक्त पटाश्या आणि रंध्याची पाती परजायला दिली. दगडावर पाणी टाकायचं आणि घासायचं. माझ्या बोटांच्या टोकांची कातडी गेली. घरच्यांना वाटलं, पोरीची थट्टा चालवली आहे. पाचव्या महिन्यात त्यांनी शिवणीची एक फळी दिली आणि रंधा मारायला सांगितलं. रंध्याच्या तोंडातून अख्ख्या फळीच्या लांबीची एक सलग, कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली. मिस्त्रींनी ती उचलली, उजेडाकडे धरली, आणि काही न बोलता माझ्या वहीत ठेवली. ती अजून आहे.

म्हणून, पोरी, पदवी पुरी कर. नाकाशिमांच्या कामाला ती शेवटपर्यंत लागली, त्यांनी आपले कारखाने आणि घर स्वतःच आखून बांधले. पण दर रविवारी त्या सुतारकाकांकडे जा, आणि फुकट जाऊ नकोस. त्यांच्या वेळेचे पैसे दे. कॉलेजला फी भरतेस ना, तशी. घरच्यांनी विचारलं तर ही पावती दाखव.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात आमच्या परसातला फणस उन्मळून पडला. आजोबांनी लावलेला. त्याचं एकसंध फळीचं जेवणाचं टेबल करावं, कडा नैसर्गिक ठेवाव्यात, अशी माझी इच्छा आहे. आमचे सुतार म्हणतात, मधे चीर आहे, ती बाजू कापून टाका आणि चार फळ्या जोडा. काय करावं? (निवृत्त शिक्षक, दापोली)

उत्तर : सर, तुमचे सुतार चुकीचं बोलत नाहीत. चार फळ्या जोडलेलं टेबल शहाण्या माणसाचं टेबल आहे, ते कमी त्रास देईल. पण आजोबांचं झाड एकदाच पडतं, तेव्हा तुमची इच्छाही मला समजते. ती पुरी करायची तर घाई सोडावी लागेल.

पहिली गोष्ट, ओंडका सॉ मिलवर नेण्याआधी वाहतुकीच्या परवान्याची वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात चौकशी करा. दुसरी, कापताना स्वतः उभे राहा. नाकाशिमा आपला प्रत्येक मोठा ओंडका कापताना गिरणीत जातीनं हजर असायचे. कुठून काप घ्यायचा, किती जाड घ्यायचा, हे तिथल्या तिथे ठरवायचे, कारण आत काय आहे ते करवत फिरल्यावरच दिसतं आणि फिरलेली करवत मागे घेता येत नाही. एका ओंडक्याच्या सगळ्या फळ्या ते एकत्र, मूळच्या क्रमानं रचून ठेवत. तुम्हीही फळ्यांवर खडूनं एक, दोन, तीन असे आकडे घाला. शेजारशेजारच्या दोन फळ्या वहीच्या पानांसारख्या उघडून ठेवल्या की रेघा आरशात पाहिल्यासारख्या जुळतात. टेबलाला रुंदी कमी पडली तर हा उपाय हाताशी राहील.

मग थांबणं. जुना हिशोब असा की इंचाला एक वर्ष. दोन इंची फळीला दोन वर्षं. छपराखाली, वारा खेळेल पण ऊन लागणार नाही अशा जागी, दोन फळ्यांच्या मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून. फळ्यांच्या दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग फासा, कारण पाणी टोकांतून सर्वांत लवकर उडतं आणि फळी तिथेच फाटते. साल आता लगेच सोलून काढा, सालीखाली किडे घर करतात. नाकाशिमांच्या टेबलाची कड नैसर्गिक असते, पण सालीसकट नसते. फणसाचा पिवळा गाभा टिकाऊ असतो, तेवढं भय नाही, पण बाहेरचा पांढुरका भाग भुंगा पोखरतो. कड ठेवायची असेल तर त्या भागाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी आत्ताच, लाकूड ओलं असताना, दोनतीनदा लावा.

लाकूड वाळलं की नाही हे ओळखायला माझ्याकडे साधी युक्ती आहे. त्याच फळीचा वीतभर तुकडा बाजूला ठेवायचा आणि दर महिन्याच्या एक तारखेला किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून तुकड्यावरच लिहायचं. आकडा उतरायचा थांबला, आणि पुढच्या पावसाळ्यात थोडा चढून पुन्हा तिथेच आला, की समजावं फळी तयार आहे.

ही युक्ती मी एका फजितीनंतर शिकले. २००९ मध्ये पुण्याच्या एका कुटुंबाला मी आंब्याच्या एकसंध फळीचं टेबल करून दिलं. फळी कोकणातल्या एका वखारीतून घेतली होती, दोन वर्षं वाळली आहे असं सांगितलं गेलं आणि मी तपासलं नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे फळी खालच्या लोखंडी चौकटीला मी घट्ट स्क्रूंनी आवळून टाकली. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत दर ऋतूला फुगतं आणि आकसतं. मी त्याला आकसायला जागाच ठेवली नव्हती. डिसेंबरात एका रात्री त्या घरातल्या आजींना फटाका फुटल्यासारखा आवाज आला. सकाळी टेबलात २२ इंचांची चीर. त्यांनी फोन केला तेव्हा आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि मला त्याचंच जास्त लागलं.

टेबल परत आणलं. सगळे स्क्रू काढले, चौकटीची भोकं कानशीनं लांबट केली, म्हणजे फळी हलली तर स्क्रूही तिच्याबरोबर सरकतील. आणि मग चिरेवर तीन टाके घातले. ते कसे घालतात हे तुमच्या सुतारांना वाचून दाखवा, त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं जमेल. शिसवीचा तुकडा घ्यायचा, डमरूसारखा, दोन्हीकडे रुंद आणि कमरेत बारीक. कंबर बरोबर चिरेवर यायला हवी. तुकड्याच्या धाग्यांची रेघ त्याच्या लांबीतून, म्हणजे चिरेला आडवी जायला हवी. रेघेच्या दिशेनं लाकूड ओढून तुटत नाही, सगळी ताकद तिथे असते. तुकडा फळीवर ठेवून पेन्सिलीनं नाही, सुरीच्या टोकानं आखायचा, कारण पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. खोली फळीच्या निम्म्याहून थोडी जास्त. पटाशीनं खाच काढताना शेवटचा अर्धा मिलिमीटर अजिबात घाई करायची नाही. तुकड्याच्या खालच्या कडा किंचित उतरत्या केल्या की तो मोगरीच्या ठोक्यांबरोबर आत जाता जाता घट्ट होत जातो. शेवटी ठोक्याचा आवाज बदलतो. पोकळ येणारा आवाज भरीव येऊ लागला की थांबायचं.

ते टेबल त्या घरात आज आहे. चीर एक केसही पुढे सरकलेली नाही. तेव्हा सर, तुमच्या फणसातली चीर कापू नका. ती कुठपर्यंत जाते ते वाळेपर्यंत पाहा, मग तिला टाके घालू.

प्रश्न : पुण्यात शोरूममध्ये दोन फळ्यांच्या मधे निळं रेझिन ओतलेली टेबलं मिळतात. नदीसारखी दिसतात. ती नाकाशिमांच्या पद्धतीची असतात का? (पौड रोड, पुणे)

उत्तर : नाही. नैसर्गिक कडेची टेबलं लोकांच्या डोळ्यांत भरली ती बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे, हे खरं. पण ते चिरेची आणि कडेची जागा मोकळी ठेवत, तिच्यातून जमीन दिसू देत. तुम्हाला निळं टेबल आवडत असेल तर जरूर घ्या, फक्त फळी किती वाळलेली आहे ते विचारा.

प्रश्न : त्यांचं काम पाहायला अमेरिकेलाच जायला हवं का? पुढच्या जानेवारीत आम्ही भिशीच्या मैत्रिणी पाँडिचेरीला जाणार आहोत. (सांगली)

उत्तर : मुळीच नाही. तुम्ही योग्य गावाला निघाला आहात.

पाँडिचेरीत गोल्कोंडे नावाची ती इमारत आहे, जिचं काम पाहायला नाकाशिमा आले होते. हैदराबादच्या दिवाणांच्या मध्यस्थीनं निजामाकडून देणगी मिळाली, म्हणून गोवळकोंड्याच्या हिऱ्याच्या खाणींचं नाव तिला पडलं. काँक्रीट आपल्याकडे नवलाईचं होतं त्या काळात बांधलेली, आणि अजून ठणठणीत. भिंतींच्या जागी वरपासून खालपर्यंत आडव्या झडपा आहेत, हातानं फिरवल्या की हवा आणि उजेड हवा तेवढा आत येतो. छप्पर दुहेरी आहे, मधल्या पोकळीतून वारा वाहतो. आजही तिथे साधक राहतात, त्यामुळे आत सहज जाता येत नाही आणि तसा हट्टही धरू नये. मी बाहेरच्या रस्त्यावरून पाहिली. मे महिन्याची दुपार होती, अंगाची लाही होत होती, आणि त्या झडपा सगळ्या एका कोनात थांबलेल्या होत्या. घरातल्या माणसांनी उन्हाशी काही ठरवून घेतल्यासारख्या. मी पाऊण तास समोरच्या भिंतीच्या सावलीत बसून होते.

तिथून ऑरोव्हिलला जा, पाँडिचेरीजवळच श्रीअरविंदांच्या विचारांवर उभी राहिलेली वसाहत आहे. नाकाशिमांनी म्हातारपणी एक संकल्प केला होता: प्रचंड अक्रोडाच्या फळ्यांची शांततेसाठीची टेबलं, जगातल्या प्रत्येक खंडावर एक. पहिलं १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलमध्ये बसवलं. १९९० मध्ये ते गेले, तेव्हा पुढचं काम मीरानं उचललं. आशियासाठीचं टेबल १९९६ मध्ये ऑरोव्हिलला आलं, तिथल्या युनिटी पॅव्हेलियनमध्ये आहे. हात लावू दिला तर तळवा पूर्ण टेकवून फिरवा, नुसतं बोट नको. आणि वाकून कड बघा. झाडाच्या बुंध्याचा फुगवटा, खोलगट भाग, सगळं तसंच आहे. ज्या पोरीला तान्हेपणी तारांच्या आत नेलं, तिनं ते पुरं करून आपल्याकडे पाठवलं, एवढं मैत्रिणींना सांगा.

तिसरी जागा अहमदाबाद. एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, १९६१ मध्ये सुरू झाली आणि १९६४ मध्ये नाकाशिमा तिथे आले. त्यांनी आखलेलं फर्निचर मग संस्थेच्या कार्यशाळेत इथल्या कारागिरांनी इथल्या लाकडात केलं. मी त्यांचं काम पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच, १९९१ च्या उन्हाळ्यात. मिस्त्रींकडून तीन दिवसांची सुट्टी घेऊन एका मैत्रिणीला भेटायला गेले होते. एका खोलीत एक खुर्ची दिसली. पाठीला बारीक गोल दांडे, बैठक एका अखंड फळीतून खोलगट कोरलेली. मी बसले नाही. जमिनीवर उताणी झोपले आणि खुर्चीच्या खाली डोकं घातलं. मैत्रीण घाबरली. पण मिस्त्रींनी शिकवलं होतं, फर्निचर खालून वाचायचं. वरून सगळेच चांगलं करतात. त्या खुर्चीच्या खालच्या बाजूला, जिथे कुणाचा हात जाणार नाही, तिथेही पाय जिथे बैठकीत शिरत होता त्या सांध्याभोवती एक सुई घुसेल एवढी फट नव्हती. कुठल्या कारागिरानं ती केली, मला कळलं नाही. मिरजेला परत आल्यावर मिस्त्रींना तासभर फक्त त्या सांध्याबद्दल सांगत होते.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध खुर्ची मात्र वेगळी, १९६० ची, कोनॉइड चेअर. तिला दोनच पाय आहेत. दोन्ही पाय मागच्या बाजूला, खाली घसरगाडीच्या पट्ट्यांसारख्या दोन लांब पट्ट्यांवर उभे, आणि बैठक पुढे अधांतरी. बसणाऱ्याच्या वजनानं मोडेल असं त्या वेळी लोक म्हणाले. पण खालच्या पट्ट्या माणसाच्या वजनाच्या पुढपर्यंत जातात, म्हणून ती पालथी होत नाही, आणि पाय नि बैठकीचा सांधा इतका खोल आहे की तो उघडत नाही. दोन पायांचा फायदाही आहे, गालिच्यावरून ती खुर्ची चार टोकं न रुतवता सहज सरकते. नाव आलं ते त्यांच्या स्वतःच्या स्टुडिओवरून. १९५७ च्या सुमारास त्यांनी शिंपल्यासारख्या वळणाचं काँक्रीटचं छप्पर घातलेला स्टुडिओ बांधला, त्या वळणाला भूमितीत कोनॉइड म्हणतात.

प्रश्न : मी सुतार आहे, तीस वर्षं झाली. मासिक मुलगी वाचून दाखवते. बंगल्यांचं काम करतो, फोटो पेपरात येतात, त्यात डिझायनरचं नाव असतं, मालकाचं असतं. आमचं कुठे नसतं. तुमच्या त्या मोठ्या माणसाचं नाव झालं ते तो शिकलेला होता म्हणून ना? (इस्लामपूर)

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी सगळ्यांत शेवटी ठेवलं कारण त्याचं उत्तर द्यायला मला सगळ्यांत जास्त दिवस लागले.

तुम्ही म्हणता त्यात खरं आहे. छावणीतून नाकाशिमा १९४३ मध्ये बाहेर पडू शकले ते जुन्या ओळखीमुळे. रेमंड यांनी पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होपजवळच्या आपल्या शेतावर त्यांना कामाला मागून घेतलं. तिथे त्यांना आर्किटेक्टचं कामही करता आलं नाही, कोंबड्या सांभाळल्या, शेतावरची कामं केली. मग मजुरीच्या बदल्यात तीन एकर जमीन मिळवली, आणि स्वतः दगड-लाकूड वाहून कारखाना उभा केला. पण शिकलेल्या माणसाला ओळखणारे लोक असतात, हे खरंच. हिकोगावांना अशी ओळख नव्हती. आज त्यांचं नाव तुम्हाआम्हाला माहीत आहे ते त्यांच्या शिष्यानं प्रत्येक ठिकाणी घेतलं म्हणून.

नावाबद्दल आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. नाकाशिमा कितीतरी वर्षं आपल्या कामावर सही करतच नसत. फळीच्या खालच्या बाजूला नाव लिहिलेलं असायचं ते गिऱ्हाइकाचं, ही फळी कुणासाठी निवडली ते लक्षात राहावं म्हणून. सही आणि तारीख ही त्यांच्या उतारवयातली सवय. १९७३ मध्ये नेल्सन रॉकफेलर या धनाढ्य अमेरिकन राजकारण्यानं त्यांच्याकडून दोनशेहून जास्त वस्तू करून घेतल्या, तेव्हाही ते त्याच कारखान्यात, आपल्या मोजक्या कारागिरांबरोबर काम करत होते. १९८९ मध्ये न्यू जर्सीतल्या एका दांपत्याचं घर जळालं आणि त्यात त्यांच्या हातच्या शंभरावर वस्तू राख झाल्या. चौऱ्याऐंशी वर्षांचे नाकाशिमा म्हणाले, पुन्हा करू. आणि करायला घेतल्या. पुढच्या वर्षी १५ जूनला ते गेले, आणि उरलेलं काम त्याच कारखान्यातल्या हातांनी, मीराच्या देखरेखीखाली पुरं केलं. आगीतून वाचलेलं थोडं आणि नव्यानं केलेलं सारं एकाच घरात राहिलं, आणि त्या हातांपैकी किती जणांची नावं बाहेर कुणाला माहीत असतील?

माझे मिस्त्री १९९८ मध्ये गेले. मिरजेत, सांगलीत, कोल्हापुरात त्यांच्या हातची दारं आहेत, कपाटं आहेत, एका मोठ्या वाड्याचा जिना आहे. कशावरही त्यांचं नाव नाही. त्या वाड्यात मी दोनदा गेले, मालकांना विचारलं, जिना कुणी केला. त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी पटकन डायरी आणून लिहून घेतलं, पण जिन्यावर अजून काही नाही.

त्या दिवसापासून माझ्या कारखान्यातून जे बाहेर जातं त्याच्या खालच्या बाजूला आम्ही नावं लिहितो. कुणी कापलं, कुणी रंधलं, कुणी पॉलिश केलं, ते सगळे, आणि झाड कुठल्या गावचं ते. माझं नाव त्यांच्यातच असतं, वेगळं नसतं. आधी काही गिऱ्हाइकांनी भुवया उंचावल्या. आता पाहुणे आले की ते स्वतःच टेबल तिरपं करून दाखवतात. गेल्या महिन्यात कराडला एक टेबल गेलं, त्याच्याखाली चार नावं आहेत, आणि त्यातला सर्वांत लहान पोरगा एकोणीस वर्षांचा आहे. त्यानं आपलं नाव लिहिल्यावर फळीचा फोटो काढून आईला पाठवला.

दादा, डिझायनर तुमचं नाव फोटोखाली टाको न टाको, फळीची खालची बाजू तुमच्या ताब्यात असते. विचारायला कुणाकडे जायची गरज नाही. पेन वापरू नका, तेल लावलं की शाई पसरते. साधी पेन्सिल घ्या, थोडी दाबून लिहा. मुलीला अक्षर काढायला सांगा, तिचं चांगलं असेल. नाव, गाव, साल. आधी नाव लिहायचं, मग तेल.